रोगाचे नाव आणि रोगाची वाट : फिरंगरोगापासून एच. आय. व्ही.पर्यंत

सोळाव्या शतकात भावमिश्राने ‘भावप्रकाश’ हा वैद्यकग्रंथ रचला, तेव्हा त्याला अशा एका रोगाची दखल घ्यावी लागली, की ज्याचे नाव चरक, सुश्रुत अथवा वाग्भट यांपैकी कोणाच्याही ग्रंथात सापडत नाही. हा रोग म्हणजे फिरंगरोग. फिरंग नावाच्या देशात तो मुबलक आढळतो म्हणून त्याला हे नाव पडले, असे भावमिश्र सांगतो. आणि तो होतो कसा, याचे उत्तर देताना फिरंगी माणसाचा अंगसंसर्ग व फिरंगी स्त्रीचा समागम ही दोन कारणे पुढे करतो. आज आपण ज्याला सिफिलिस म्हणतो तोच हा रोग, याविषयी अभ्यासकांत फारसा मतभेद नाही.

या वर्णनाचे महत्त्व दुहेरी आहे. एक तर रोगाच्या लक्षणांचे निरीक्षण विलक्षण नेमके आहे. बाह्य, आभ्यंतर आणि उभय असे त्याचे तीन प्रकार ग्रंथकार करतो. बाह्य प्रकारात फोडासारखी उठवण येते, ती फुटून व्रण होतो, पण वेदना थोडी असते. आभ्यंतर प्रकार सांध्यांत शिरून आमवाताप्रमाणे ठणका व सूज उत्पन्न करतो. पहिला साध्य, दुसरा कष्टसाध्य आणि दोन्ही मिळून जुना झालेला असाध्य. पुढे उपद्रवांत कृशता, बलक्षय, अग्निमांद्य, हाडे सुकणे व वाकणे आणि नाक बसणे यांचा उल्लेख येतो. रुग्ण प्रत्यक्ष पाहिल्यावाचून असे लिहिता येत नाही. दुसरे असे, की हा रोग आगंतुक आहे, म्हणजे शरीरातील दोषांच्या प्रकोपाने आपोआप उद्भवलेला नसून बाहेरून आलेला आहे, हे त्याने स्पष्ट म्हटले आहे. येथपर्यंत त्याचा तर्क बिनचूक आहे. परंतु त्याच वाक्यात दोन निरनिराळ्या प्रश्नांची उत्तरे एकमेकांत मिसळून गेली आहेत. रोग कोणत्या क्रियेने एका शरीरातून दुसऱ्या शरीरात जातो, हा एक प्रश्न. आणि रोग कोणत्या लोकांचा आहे, हा दुसरा. समागमाने तो जातो हे खरे. पण तो समागम फिरंगी स्त्रीशीच व्हावा लागतो असे नव्हे. भावमिश्राच्या काळी हा रोग एतद्देशीयांमध्ये आपापसांत पसरू लागलेला असणार हे उघड आहे, तरी नावाने मात्र बोट परदेशी माणसाकडेच दाखविले. या दोन प्रश्नांची गल्लत पुढील चारशे वर्षे कशी चालू राहिली आणि तिची किंमत कोणी दिली, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

अशी गल्लत करणारे आपणच एकटे होतो असे समजण्याचे कारण नाही. फ्रान्सचा राजा आठवा चार्लस याने इ. स. १४९४-९५ मध्ये इटलीवर स्वारी केली, त्या वेळी नेपल्सच्या परिसरात या रोगाची मोठी साथ उसळली. इटालियनांनी तिला फ्रेंच रोग म्हटले आणि फ्रेंचांनी नेपल्सचा रोग म्हटले. व्हेरोना येथील वैद्य फ्राकास्तोरो याने १५३० साली लिहिलेल्या लॅटिन काव्याच्या नायकावरून ‘सिफिलिस’ हा शब्द आला; पण त्या काव्याच्या शीर्षकातही ‘फ्रेंच रोग’ हे शब्द आहेतच. कोलंबसाच्या खलाशांनी हा रोग अमेरिकेतून आणला की तो युरोपात आधीपासून होता, हा वाद दीर्घकाळ चालला. अमेरिकेतील प्राचीन अस्थींतून अलीकडे मिळालेल्या जनुकीय पुराव्यावरून या गटातील जंतू तेथे कोलंबसापूर्वी होते एवढे दिसून आले आहे. हिंदुस्थानात तो कधी आला याविषयी मात्र अनुमान करणे सोपे आहे. वास्को द गामाची जहाजे १४९८ साली कालिकतला लागली आणि १५१० साली आल्बुकर्कने गोवे घेतले. युरोपातील साथीनंतर अवघ्या काही वर्षांत ज्या समुद्रमार्गाने मिरी गेली त्याच मार्गाने फिरंगरोग आला.

संसर्गाची कल्पनाच आपल्याकडे नवी होती असे नाही. सुश्रुताने निदानस्थानात कुष्ठ, ज्वर, शोष आणि नेत्राभिष्यंद अशा काही रोगांना औपसर्गिक म्हटले असून ते माणसामाणसांत कसे पसरतात त्याची एक यादी दिली आहे : प्रसंग म्हणजे मैथुन, अंगस्पर्श, निःश्वास, सहभोजन, एका शय्येवर वा आसनावर बसणे-निजणे आणि दुसऱ्याची वस्त्रे, माळा व उटी वापरणे. उपदंश नावाच्या जननेंद्रियांच्या व्रणाचे वर्णनही त्याने केले आहे. तो सिफिलिसहून वेगळा असावा. या यादीत सर्व वाटा एका रांगेत उभ्या आहेत. कोणता रोग यांपैकी कोणत्या वाटेने जातो आणि कोणत्या वाटेने मुळीच जात नाही, हे ठरविण्याचे साधन त्या काळी कोणाजवळच नव्हते. फ्राकास्तोरोने १५४६ साली प्रत्यक्ष स्पर्श, दूषित वस्तू आणि दुरून होणारा संसर्ग असे तीन प्रकार मांडले. त्याची विभागणी अधिक नेटकी आहे, पण अडचण तीच होती. खरे पाहता या विषयाचा पुढचा सारा इतिहास म्हणजे सुश्रुताच्या यादीतील एकेक वाट तपासून पाहण्याचा व निरपराध वाटांवरचा संशय दूर करण्याचा इतिहास आहे. तो संशय किती चिवट असतो हे पुढे दिसेलच.

गोव्यात राहून या रोगाविषयी लिहिणारा पहिला मोठा लेखक म्हणजे गार्सिया द ओर्ता. हा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली हिंदुस्थानात आला, गोव्यात स्थायिक झाला आणि अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारीही त्याचे वैद्य म्हणून जाणे-येणे होते. औषधी द्रव्यांवरील त्याचा संवादात्मक ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. त्यात चोपचिनीवर एक स्वतंत्र संवाद आहे. चीनमधून येणारे हे मूळ साधारण १५३५ च्या सुमारास गोव्यात या रोगावर वापरात आले, असे तो सांगतो. थोड्याच वर्षांत त्याची कीर्ती युरोपातील राजदरबारांपर्यंत पोचली आणि शारीरशास्त्रज्ञ व्हेसालियस याने १५४६ साली त्यावर एक पत्ररूप ग्रंथच प्रसिद्ध केला. भावमिश्र याच चोपचिनीला ‘द्वीपांतरवचा’ म्हणतो, म्हणजे परद्वीपीची वेखंड, आणि फिरंगरोगावर तिची शिफारस करतो. रोग ज्या गलबतांतून आला त्याच गलबतांतून औषध आले आणि दोघांच्याही नावांवर परदेशाचा शिक्का राहिला, ही गोष्ट मोठी गमतीची आहे. चोपचिनीने रोग बरा होत नव्हता. भावमिश्राने सांगितलेला दुसरा उपाय, रसकर्पूर म्हणजे पाऱ्याचे संयुग, हा अधिक जालीम होता. गव्हाच्या कणकेच्या गोळीत तो घालून दातांना न लागता गिळावा, अशी सूचना त्याने दिली आहे, कारण पाऱ्याने तोंड येते व दात हलतात हे त्याच्या ध्यानात आले होते. पुढे जवळजवळ साडेतीनशे वर्षे पूर्वेस काय आणि पश्चिमेस काय, पारा हाच मुख्य इलाज राहिला. ओर्ताच्या वाट्याला मात्र निराळेच भोग आले. तो मूळच्या ज्यू घराण्यातला. १५६८ साली त्याचे निधन झाल्यावर गोव्याच्या इन्क्विझिशनने १५८० मध्ये त्याच्या अस्थी उकरून जाळल्या. रक्ताचा विटाळ ही कल्पना त्या काळी वैद्यकापुरती मर्यादित नव्हती, एवढेच यावरून लक्षात घ्यावे.

मराठीत या रोगांना जी नावे रूढ झाली तीही पाहण्याजोगी आहेत. ‘गरमी’ हे नाव अंगातील उष्णतेवरून आले, ‘परमा’ हे ‘प्रमेहा’चे रूप. या दोन्हींत रोग अंगातूनच उपजल्याचा भास आहे. भावमिश्राने जो आगंतुकपणा ओळखला होता तो बोलभाषेत पुसला गेला. त्यानंतर शिष्ट वर्गात ‘गुप्तरोग’ हा शब्द आला. तो ना कारण सांगतो ना लक्षण. फक्त बोलू नये एवढे सांगतो.

युरोपातही शास्त्राची वाट सरळ नव्हती. जॉन हंटर या नामांकित शल्यवैद्याने १७६७ साली परम्याचा पू टोचून प्रयोग केला. पुवात दोन्ही रोगांचे विष असल्याने परमा व गरमी हा एकच रोग आहे असा त्याचा ग्रह झाला आणि त्याच्या अधिकारामुळे ही चूक दोन पिढ्या टिकली. १८३८ मध्ये रिकोर याने दोन्ही रोग वेगळे असल्याचे सिद्ध केले. नायसरने १८७९ साली परम्याचा जंतू दाखविला, शाउडिन व हॉफमन यांनी १९०५ साली सिफिलिसचा, १९०६ साली वासरमानची रक्तपरीक्षा आली आणि १९१० साली एर्लिखचे साल्व्हरसान.

या शोधांमुळे वाट कशी असते हे नेमके कळले. सिफिलिसचा मळसूत्री जंतू शरीराबाहेर फार काळ तग धरीत नाही; कोरड्या हवेत तो लवकरच मरतो. त्याला ओलसर श्लेष्मल त्वचा अथवा त्वचेवरील बारीकशी खरचट लागते आणि रोग्याच्या व्रणाचा प्रत्यक्ष स्पर्श लागतो. म्हणून आसन, भांडी, वस्त्रे या सुश्रुताच्या यादीतील वाटा येथे व्यवहारतः बंद आहेत. पण जी वाट उघडी आहे ती फसवी आहे. पहिला व्रण दुखत नाही, हे भावमिश्राने पाहिले होतेच. तो तीन ते सहा आठवड्यांत आपोआप भरून येतो आणि रोगी बरा झालो असे समजतो. पुढे अंगावर पुरळ येते, तेही जाते. त्यानंतर रोग वर्षानुवर्षे मूक राहू शकतो, आणि गर्भवतीच्या रक्तातून गर्भालाही गाठतो. परम्याची गोष्ट आणखी वेगळी. पुरुषाला जळजळ होऊन तो लवकर कळतो, परंतु पुष्कळ स्त्रियांमध्ये तो काहीच लक्षण दाखवीत नाही. तात्पर्य, ज्याच्यापासून रोग पसरतो तो माणूस बहुधा स्वतःला निरोगी समजत असतो व दिसतोही निरोगी. ही एक गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे एकोणिसाव्या शतकातील सरकारी उपाय का फसले याचा उलगडा होतो.

कंपनीच्या काळापासून लष्करी छावण्यांत ‘लॉक हॉस्पिटले’ होती. १८६४ च्या छावणी कायद्याने आणि नंतर १८६८ च्या सांसर्गिक रोगांच्या कायद्याने या व्यवस्थेला पक्के रूप आले. वेश्यांनी नाव नोंदवावे, ठरावीक काळाने तपासणीला हजर राहावे आणि रोग आढळल्यास इस्पितळात कोंडून घ्यावे, असा त्याचा सारांश. मुंबईत हा कायदा १८७० साली लागू झाला. नगरपालिका खर्चाचा वाटा उचलण्यास राजी नव्हती, स्त्रिया नोंदणी चुकवीत होत्या, कित्येक शहर सोडून गेल्या. १८७२ मध्ये अंमल थांबला. १८८० साली तो पुन्हा सुरू झाला आणि १८८८ साली कायदाच रद्द झाला. इंग्लंडात जोसेफिन बटलर यांनी तेथील समान कायद्यांविरुद्ध जी चळवळ चालविली होती तिचा या निर्णयात मोठा वाटा होता.

या कायद्याचा नैतिक अन्याय अनेकांनी दाखविला आहे. त्याचा वैद्यकीय अन्यायही तितकाच ठळक आहे, तो मात्र क्वचितच सांगितला जातो. रोगाची देवाणघेवाण दोघांत होते. तपासणी त्यांपैकी एकाचीच होत असे. गोऱ्या शिपायाची तशी तपासणी त्याच्या स्वाभिमानाला बाधक म्हणून सोडून दिली होती. बरे, स्त्रीची तपासणी तरी कशाची? १८७९ पूर्वी परम्याचा जंतू कोणाला ठाऊक नव्हता आणि नंतरही रोजच्या तपासणीत सूक्ष्मदर्शकाचा उपयोग होत नसे. डोळ्यांना दिसेल तेवढे पाहावयाचे. ज्या रोगाचे लक्षणच स्त्रीत बहुधा दिसत नाही तो अशा तपासणीत निसटणार, आणि साधा श्वेतप्रदर असलेली स्त्री कोंडली जाणार, हे ठरलेलेच होते. एकच उपकरण नीट न धुता एकीमागून एकीला लावल्याने तपासणीतूनच संसर्ग होतो, असाही आक्षेप त्या काळी विरोधकांनी घेतला होता. कायद्याच्या समर्थकांनी पुढे असे दाखविले, की कायदा गेल्यावर गोऱ्या पलटणींतील रोगाचे प्रमाण वाढले. १८९५ साली तर हजार शिपायांमागे इस्पितळात दाखल होण्याचे प्रमाण पाचशेच्या वर गेले होते. आकडा खरा आहे. परंतु त्याच छावण्यांतील एतद्देशीय शिपायांत हे प्रमाण कितीतरी कमी होते, ही गोष्ट त्याच अहवालांत नोंदलेली असूनही तिच्यावर विचार झाला नाही. गोऱ्या शिपायांपैकी थोड्यांनाच बायको आणण्याची परवानगी असे. एतद्देशीय शिपाई बहुधा संसारी असे. रोगाचे मूळ बाजारातील बाईत शोधण्यापेक्षा बराकीच्या नियमांत शोधले असते तर ते लवकर सापडले असते.

बराकीचा हा नियम पुढे गिरणीच्या रूपाने मुंबई शहराला लागू पडला. कोकणातून आणि घाटावरून पुरुष कामाला येत, बायका-मुले गावी राहत. खोलीत दहा-पंधरा गाळेकरी आणि जेवणाला खाणावळ. १९२१ च्या शिरगणतीत मुंबईत हजार पुरुषांमागे स्त्रिया सव्वापाचशेच्या आसपासच होत्या. दिवाळी-शिमग्याला गावी जाणारा गिरणीकामगार पगाराबरोबर दुसरेही काही नेत असे. त्याची नोंद कोणत्याच दप्तरात होत नव्हती, कारण गावातल्या घरधनिणीला झालेल्या रोगाला नावच नव्हते. वारंवार गर्भ पडणे, मूल जन्मताच जाणे, यांचा दोष तिच्या कुशीला किंवा तिच्या नशिबाला लावला जाई.

मराठीत या वाटेविषयी उघड लिहिण्याचे धाडस प्रथम रघुनाथ धोंडो कर्वे यांनी केले. संततिनियमनाबरोबरच गुप्तरोगांपासून बचाव हाही त्यांचा आवडीचा विषय होता. त्यावर त्यांनी स्वतंत्र पुस्तक लिहिले आणि १९२७ पासून १९५३ पर्यंत चाललेल्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात त्याची चर्चा अखंड चालू ठेवली. कर्व्यांची भूमिका गणिताच्या प्राध्यापकाला शोभेल अशीच रोकठोक होती. रोग जंतूने होतो, पापाने होत नाही. म्हणून पापी माणसालाही तो टाळण्याचा उपाय सांगितला पाहिजे. रबरी टोपी पुरुषाने वापरली तर जंतूची वाट अडते, आणि वापरणारा नवरा आहे की जार आहे हे जंतू विचारीत नाही. कर्व्यांचे सर्वच विचार आज कोणी जसेच्या तसे उचलील असे नाही. त्यांच्या लिखाणात पुष्कळ ठिकाणी हटवादही आहे. तथापि ‘कोणाचा’ हा प्रश्न बाजूला सारून ‘कसा’ हा प्रश्न त्यांच्याइतक्या स्वच्छपणे मराठीत कोणी मांडला नव्हता. त्याचे फळ म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी घेतले होते. दंड चुकला नाही. त्याच सुमारास सरकार १९२३ च्या वेश्याव्यवसाय-प्रतिबंधक कायद्यावर व १९३४ च्या देवदासी-संरक्षण कायद्यावर भिस्त ठेवून होते. बाईला हटकणे कायदेशीर आणि पुरुषाला उपाय सांगणे बेकायदेशीर, अशी ती विचित्र स्थिती होती.

१९४३ साली पेनिसिलिनने सिफिलिस बरा होतो हे सिद्ध झाले आणि १९५४ साली पिंपरीस पेनिसिलिनचा सरकारी कारखाना स्थापन झाला. काही इंजेक्शनांत चारशे वर्षांचा रोग आटोक्यात येतो म्हटल्यावर वाटेची चर्चा मागे पडली. औषध असले की शिक्षण नको वाटते, हा अनुभव अनेक रोगांबाबत आला आहे.

त्यानंतर १९८१ च्या जूनमध्ये लॉस एंजेलिस येथील पाच तरुणांच्या विचित्र न्यूमोनियाची नोंद प्रसिद्ध झाली, आणि सोळाव्या शतकाची जणू उजळणी सुरू झाली. ते तरुण समलिंगी होते म्हणून रोगाला प्रथम समलिंगी पुरुषांशी जोडणारे नाव पडले. १९८२ मध्ये ते बदलून ‘एड्स’ करावे लागले, कारण हिमोफिलियाचे रोगी, रक्त घेतलेले रोगी, सुईने मादक द्रव्य घेणारे आणि लहान मुले यांतही तो दिसू लागला होता. १९८३ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेत विषाणू सापडला आणि फार थोड्या काळात वाटा निश्चित झाल्या. रक्त, वीर्य, योनी व गुदद्वारातील स्राव आणि आईचे दूध यांतूनच हा विषाणू जातो. म्हणजे संरक्षणावाचून झालेला समागम, दूषित रक्त, अनेकांनी वापरलेली सुई आणि आईपासून मूल एवढ्याच वाटा. घाम, लाळ, खोकला, डास, सहभोजन, शेजारी बसणे, कपडे यांतून तो जात नाही. जननेंद्रियांवर दुसऱ्या रोगाचा व्रण असेल तर मात्र त्याला शिरकाव सोपा होतो. गरमी व मृदुव्रण यांसारख्या जुन्या रोगांकडे झालेले दुर्लक्ष येथे असे अंगाशी आले. भरीस भर म्हणजे फिरंगरोगाप्रमाणेच, किंबहुना त्याहून अधिक काळ, हा विषाणू बाधिताला काही जाणवू न देता शरीरात राहतो.

भारतात डॉ. सुनीती सॉलोमन यांच्या पुढाकाराने मद्रास येथे १९८६ साली ही बाधा प्रथम आढळली. तपासलेल्या स्त्रिया वेश्याव्यवसायातील होत्या. साहजिकच रोगाची वाट पुन्हा त्यांच्या दारात संपविण्यात आली. त्यानंतर मणिपुरात १९९० च्या सुमारास सुयांच्या वाटेने फार मोठा प्रसार झाल्याचे उघड झाले. रक्तपेढ्यांतील रक्ताची तपासणी १९८९ साली सक्तीची झाली, आणि पैसे घेऊन रक्त देण्याची प्रथा सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानुसार १९९८ च्या जानेवारीपासून बंद झाली.

ओर्ताच्या गोव्यात तर या गोंधळाचे एक प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्याच्या कायद्यात दुरुस्ती करून एच. आय. व्ही.बाधित व्यक्तीला वेगळे ठेवण्याचा अधिकार शासनाने घेतला होता. डॉमिनिक डिसोझा हा तरुण स्वेच्छेने रक्तदान करीत असे. त्या रक्ताच्या तपासणीतून तो बाधित असल्याचे दिसले. १९८९ च्या फेब्रुवारीत पोलिसांनी त्याला ताब्यात घेतले आणि क्षयरोग्यांसाठी पूर्वी वापरात असलेल्या इमारतीत दोन महिन्यांहून अधिक काळ कोंडून ठेवले. क्षय श्वासातून पसरतो. तेथे अलगीकरणाला अर्थ होता. या विषाणूच्या बाबतीत त्याच भिंतींनी कोणतीच वाट अडत नव्हती. त्याची आई लुसी डिसोझा यांनी उच्च न्यायालयात दाद मागितली. न्यायालयाने कायदा वैध ठरविला. डॉमिनिक याने पुढे बाधितांसाठी संस्था उभारली आणि १९९२ साली त्याचे निधन झाले. सुश्रुताच्या यादीतील आसन, शय्या आणि निःश्वास यांवरचा संशय एका सार्वजनिक कायद्याच्या रूपाने विसाव्या शतकाच्या अखेरीस असा जिवंत होता, आणि तोही विज्ञानाने त्या वाटा बंद असल्याचे सांगितल्यानंतर.

१९९२ साली पुण्यास भोसरी येथे राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था सुरू झाली. तिच्या संशोधकांचा १९९७ साली प्रसिद्ध झालेला एक निबंध या इतिहासाच्या दृष्टीने मला सर्वांत मोलाचा वाटतो. पुण्याच्या गुप्तरोग-चिकित्सालयांत १९९३ ते १९९६ या काळात आलेल्या ९१६ स्त्रियांची त्यात पाहणी आहे. त्यांपैकी ५२५ वेश्याव्यवसायातील होत्या. त्यांच्यात बाधेचे प्रमाण ४९.९ टक्के होते. उरलेल्या ३९१ स्त्रिया या व्यवसायातील नव्हत्या; बहुसंख्य विवाहित, आणि ज्यांचा संबंध केवळ नवऱ्याशी आला होता अशा. त्यांच्यात प्रमाण १३.६ टक्के होते. पहिल्या आकड्याने कोणी चकित झाले नसेल. दुसऱ्या आकड्याने मात्र शतकभर ज्या स्त्रीची कोणत्याच दप्तरात नोंद नव्हती, ती गिरणीकामगाराच्या गावाकडच्या बायकोची वारसदार, प्रथमच एका तक्त्यात येऊन बसली. ‘जोखमीचे लोक’ असा गट करून त्याच्याबाहेरच्यांना निर्धास्त राहण्यास सांगणारा सर्व प्रचार तिच्यापुरता व्यर्थ होता. एकनिष्ठ राहा हा उपदेश तिने पाळलाच होता. वाट तिच्या वर्तनातून जात नव्हती. नवऱ्याने टोपी वापरावी असे म्हणण्याची सोय तिला घरात नव्हती. याउलट त्याच वर्षांत सांगलीकडे ‘संग्राम’ या संस्थेच्या कामात वेश्याव्यवसायातील स्त्रियांनी एकमेकींना निरोध वाटून गिऱ्हाइकाला तो वापरावयास लावण्याचा परिपाठ घातला. ज्यांच्यावर रोग पसरविल्याचा आरोप होता त्यांनीच वाट अडविण्याचे काम अंगावर घेतले, आणि ज्यांच्यावर आरोप नव्हता त्या उघड्या राहिल्या, असा हा विपर्यास होता.

औषधोपचाराने प्रसाराच्या प्रश्नालाच निराळे वळण मिळाले. भारतात सरकारतर्फे विनामूल्य औषधे २००४ च्या एप्रिलपासून मिळू लागली. उपचार नसताना आईपासून मुलाला बाधा होण्याचा संभव शंभरात पंधरा ते पंचेचाळीसपर्यंत असतो. योग्य उपचाराने तो पाचांच्या खाली येतो. २०११ साली एका आंतरराष्ट्रीय प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यात एकजण बाधित व दुसरा अबाधित अशी १,७६३ जोडपी होती, आणि पुणे व चेन्नई येथील जोडप्यांचाही त्यांत समावेश होता. बाधित जोडीदाराला लवकर औषध सुरू केले, तर त्याच्यापासून दुसऱ्याला होणारी बाधा ९६ टक्क्यांनी घटते, असे त्यात दिसून आले. नंतरच्या अभ्यासांनी याहून पुढचे सांगितले : नियमित औषधाने रक्तातील विषाणू मोजता न येण्याइतका उतरला आणि तसाच राहिला, तर समागमातून तो दुसऱ्याला जात नाही.

म्हणजे शरीरात विषाणू असूनही माणूस रोगाची वाट राहत नाही. २०१७ साली संसदेने केलेला व १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आलेला एच. आय. व्ही.विषयक कायदा बाधिताला नोकरी, शिक्षण वा उपचार नाकारण्यास मनाई करतो, आणि त्याच्या संमतीवाचून तपासणी करण्यासही. भोसरीच्या संस्थेपासून मध्य पुण्यातील बुधवार पेठ काही कोसांवर आहे. पाहणीतल्या ५२५ जणी आणि ३९१ जणी एकाच शहराच्या दवाखान्यांत, एकाच ओट्यावर बसून आपली पाळी येण्याची वाट पाहत होत्या. कोणती कोठली हे तेथे विचारल्यावाचून कळत नव्हते.